दोनशे चाळीस सापळे

तिच्या कोपऱ्यातला हीटर बंद पडला नसता तर मोरॅग ऑब्रीच्या टेबलाशी आलीच नसती. आली, कोट सावरत बसली, आणि त्याच्या पडद्यावर नजर गेली ती तिथेच अडकली.

हॅलिफॅक्स बंदरावरच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत लॉबस्टर पकडायच्या दोनशे चाळीस सापळ्यांमधल्या मोजणीचे आकडे यायचे. आकडेमोड ‘आर’ या संगणकाच्या भाषेत. आणि हा गृहस्थ एकेका सापळ्याचं नाव टाइप करत होता — सापळा१, सापळा२, सापळा३...

"हाताने?" तिने विचारलं.

"मग काय, पायाने?"

ती त्याच्या कीबोर्डवर वाकली. तीनच ओळी लिहिल्या. शब्द एक, त्याला क्रमांक चिकटवायचा, एकापासून शेवटापर्यंत फिरवायचं. बटण दाबलं आणि दोनशे चाळीस नावं आपापल्या मोजणीच्या आकड्यांसकट तयार.

"आठवड्याचं काम खाल्लंस माझं," ऑब्री म्हणाला. "आता करू काय?"

"मला गरम चौडर सूप पाज."

हीटर तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. मोरॅगची खुर्ची मात्र परत गेली नाही. ऑफिसात सगळ्यांनी याची नोंद घेतली, या दोघांनी सोडून.

मग वसंतात तिला समुद्रापलीकडे, दूर सेंट जॉन्स शहरात कायमची नोकरी लागली. शेवटच्या शुक्रवारी ती कोट चढवत होती, तेवढ्यात ऑब्री चेहरा पाडून म्हणाला, "तुझं काम गेलं, मोरॅग."

"गेलं म्हणजे?"

"तुझ्या मशीनवर तुझीच युक्ती माझ्या नव्या सापळ्यांना लावली. नावं तुझ्या सापळ्यांचीच निघाली. मशीनने तुझे आकडे पुसले, माझे ठेवले. विचारलंसुद्धा नाही."

तिने कोट काढला. दोघं खांद्याला खांदा लावून एकेका सापळ्याचे आकडे कागदांवरून पुन्हा हाताने भरू लागले.

"झालं कधी हे?"

"सकाळी."

"आणि सांगतोयस आत्ता?"

"चूक खरीच होती..." तो पडद्याकडेच बघत राहिला. "उशिरा सांगितलं, ते मुद्दाम. आधी सांगितलं असतं तर जेवणापर्यंत आटपून निघाली असतीस."

"मग निघाले असते. तुझं काय गेलं असतं?"

"तू," ऑब्री म्हणाला. मग घाईघाईने — "नोकरी सोड म्हणत नाही मी. जूनमध्ये तिकडे आलो तर चालेल का, एवढंच."

तिने आणखी एक आकडा भरला. त्याने हात कीबोर्डवरून काढले.

"आणखी एक. मूळ फाइल शाबूत आहे. त्या तीन ओळी पुन्हा चालवल्या तर मिनिटात सगळं परत येईल. मला मघाशीच आठवलं."

"मला तू ‘गेलं’ म्हणालास तेव्हाच माहीत होतं," मोरॅग म्हणाली, आणि तिने पुढचा सापळा उघडला. "जून फार लांब आहे. मेमध्ये ये."