हात वर केलाच नाही

“डोळा तपासताना डोळा बघायचा. माणूस बघायचा नाही.”

मामा हे म्हणायचे तेही तिच्याकडे न बघता, हातातली काच पुसत पुसत. चष्म्याचं दुकान त्यांचंच. आता ते थकून घरी बसले होते आणि मागची अंधारी खोली, काचांची लाकडी पेटी, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सगळं तिच्या हवाली केलं होतं. नऊ वर्षं तिने मामांचा शब्द पाळला. घारे डोळे आले, पाणावलेले आले, घरी भांडून आलेले आले. तिला डोळे लक्षात राहायचे, चेहरे नाहीत.

आणि मग एका शनिवारी सकाळी तो दारात उभा राहिला. दोन्ही हातांच्या ओंजळीत चष्मा, जणू झाडावरून पडलेलं पाखरूच उचलून आणलंय.

“वाचेल का हो?”

तिने चष्मा उचलून उजेडात धरला. एक काडी लोंबत होती.

“स्क्रू पडलाय नुसता.”

“एवढंच? मी तर घरच्यांना बोलावून घ्यायच्या बेतात होतो.”

तिला हसू आलं. ते लपवायला ती स्क्रूंच्या डबीत चिमटा घालून शोधत बसली.

“दीडला मॅच आहे,” तो म्हणाला. “मी इथला नवा जनावरांचा डॉक्टर. तुमच्या क्लबाचा कॅप्टन परवा म्हणाला, अकरावा माणूस मिळत नाहीये, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालेल.”

“तसं तो सगळ्यांनाच सांगतो. मग धावायला लावतो.”

“ओळखता वाटतं त्याला?”

“माझा सख्खा दादा आहे.”

“अरे देवा...! मी काही वाईट बोललो नाही ना त्याच्याबद्दल?”

“अजून तरी नाही.”

काडी बसली. ती कानामागे नीट टेकते का ते बघायला तिने चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला, बोटाने नाकावर जरासा वर सरकवला — आणि काचेपलीकडून तो तिच्याकडे असा काही बघत राहिला की तिचा नऊ वर्षांचा नेम त्या क्षणी मोडला. तिने माणूस बघितला.

“दिसतंय नीट?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “छान दिसतंय.”

दीड वाजता ती मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडपाशी, आपल्या टेबलावर बसली होती. गावच्या क्लबाचं स्कोअरबुक पंधराव्या वर्षापासून तिच्याकडेच. शेजारी समोरच्या टीमसाठी, मग ती कुठलीही असो, नेहमीच्या काकू बसायच्या, दोघींनी ओव्हर संपली की आकडे जुळवायचे. पंच मात्र बाहेरून यायचे नाहीत. जी टीम बॅटिंगला असेल तिचेच दोघे पांढरा कोट चढवून उभे राहायचे. आपल्या टीमकडून गावच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी पंचगिरी करायचे आणि नियमाला केसभर हलायचे नाहीत. पंचाने खूण केली की दोन्ही स्कोअररनी हात वर करायचा. खूण पोचली, असा त्याचा अर्थ. एकीचा जरी हात वर आला नाही, तरी हेडमास्तर पुढचा चेंडू टाकू द्यायचे नाहीत.

डॉक्टर पंच म्हणून उभा राहिला की चौकाराचा हात असा लाडात हलवायचा, जणू फाटकातून कुणाला निरोप देतोय. चहाच्या वेळी कप घेऊन हमखास टेबलापाशी.

“आज तुम्ही मला चौदा वेळा हात केलात.”

“तो नियम आहे.”

“दोन वेळा तर मी नुसता कान खाजवला होता.”

ती लाजून लाल झाली. शेजारच्या स्कोअरर काकू पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाल्या, “माझ्याकडे बघून कुणी कान खाजवत नाही बाई!”

असे शनिवार गेले. वाऱ्याला कापलेल्या गवताचा वास, पत्र्यावर टपटपून जाणारी एखादी सर, खेळ थांबला की शेडमध्ये सगळ्यांची दाटी, आणि त्या दाटीत दोघांनी राखलेलं हातभर अंतर... रात्री डोळे मिटून देवाचं नाव घेताना मध्येच तिला कुणीतरी चौकाराचा हात करायचं. ती मनातल्या मनात क्षमा मागायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

हंगामातला शेवटचा सामना दोन दिवसांवर आला होता. हरला तर क्लब खालच्या गटात जाणार होता. दोघं जायबंदी, एक परगावी. दादाने आपल्या बेकरीच्या फळ्यावर पावांच्या यादीशेजारी टीम लिहिली होती, अकरा नावं, बारावं नाही. त्या गुरुवारी दुकान बंद करायच्या वेळी डॉक्टर आला. थट्टा न करता खुर्चीवर बसला.

“डाव्या डोळ्यापुढे चिलटं उडतात. खरी नाहीत, मी मारून बघितली. आणि कडेला... वीज चमकल्यासारखं होतं.”

“कधीपासून?”

“चार दिवस झाले. गाईने शिंग हलवलं, चुकवताना दरवाजाची चौकट लागली.”

तिने खोलीत अंधार केला. त्याचा उजवा डोळा झाकायला लावून आपलं बोट हळूहळू कडेने आत आणलं. “दिसलं की सांगा.”

बोट आलं, अजून आत आलं... तो गप्प. बरंच आत आल्यावर म्हणाला, “आत्ता.”

तिने हात खाली घेतला. मामांनी शिकवलं होतं, हे चष्म्याचं काम नाही. आतला पडदा सुटायला लागला की असं होतं.

“आज शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात जा. आत्ता. चिठ्ठी देते.”

“सोमवारी जातो.”

“सोमवार फार लांब आहे. पळायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, आणि चेंडूच्या तर—”

“टीम दहाची होईल. तुमच्या दादाचं तोंड बघितलंत का? चार रात्री झोपला नाहीये तो.” तो थांबला. मग हळूच म्हणाला, “त्याला सांगणार नाही ना?”

या खोलीत जे दिसलं ते या खोलीतच ठेवायचं, हाही मामांचाच धडा.

“सांगणार नाही. पण तुम्ही खेळायचं नाही.”

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. चिठ्ठी खिशात घालून गेला. आणि ती वेडी, तो शुक्रवारी गेलाच असेल असं स्वतःला समजावत राहिली.

शनिवारी मैदानाकडे येताना तिने लांबूनच अकरा पांढरे शर्ट मोजले. पुन्हा मोजले. अकराच.

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. फिल्डिंगला तो सीमेवर होता. चेंडू त्याच्याकडे गेला की तिची पेन्सिल कागदावर थांबायची. काकूंनी दोनदा विचारलं, “बरं नाही का गं? ओठ हलतायत तुझे.” ओठांवर नाम होतं, पण मध्येच तुटत होतं. चहाला तो टेबलाकडे फिरकलाच नाही.

मग बॅटिंग. विकेट पडत गेल्या. नववा गडी बाद झाला तेव्हा जिंकायला तेरा धावा हव्या होत्या. शेडमधून डॉक्टर पॅड बांधून निघाला. तिच्या टेबलाशेजारूनच वाट होती.

“जाऊ नका,” ती पुटपुटली.

“एवढंच बघून येतो,” तो म्हणाला आणि गेला.

समोरच्या टीमचा बोलर वायरमन होता, खांबासारखा उंच, आणि चेंडू वरून उतरायचा तो थेट छातीवर. पहिला चेंडू डॉक्टरने कसाबसा अडवला. दुसरा उसळला. डॉक्टर हललाच नाही. त्याला उशिरा कळलं. चेंडू डाव्या कानाला घासल्यासारखा गेला, विकेटकीपरच्या हातावरून उडाला आणि सीमेपार झाला. शेडमध्ये जल्लोष. चार बाय! आता नऊच!

हेडमास्तरांनी टेबलाकडे तोंड करून तळहात उघडून वर धरला, मग चौकाराची खूण केली.

काकूंचा हात वर गेला.

तिचा गेला नाही.

हेडमास्तरांनी पुन्हा खूण केली, या खेपेला सावकाश, वर्गातल्या ढ पोराला करावी तशी. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि एकमेकांत घट्ट गुंतवले होते. वायरमन चेंडू घेऊन धावत निघाला, तसा हेडमास्तरांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं.

“अगं ठमे!” दादा शेडमधून ओरडला. “झोपलीस का? हात कर!”

“कर गं,” काकू कुजबुजल्या. “चारच तर आहेत. आणि तुमचेच आहेत!”

मैदान गप्प झालं. बावीस माणसं, दोन स्कोअरर, कुंपणाला टेकलेलं अर्धं गाव, आणि सगळ्यांच्या मध्ये तिचा न उठलेला हात. आयुष्यात तिने कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही. नुसती बसून राहिली, कानशिलं तापलेली, डोळ्यांत पाणी, आणि नजर त्याच्यावर.

तो बॅट काखेत मारून चालत टेबलापाशी आला.

“हात करा,” तो हळूच म्हणाला.

“नाही.”

“सगळे बघतायत हो.”

“तुम्हाला किती जण दिसतायत?”

त्याने मान न वळवता डावीकडे बघायचा प्रयत्न केला. तिने बघितलं, त्याचा चेहरा उतरला.

“तिकडे झाडं होती,” तो म्हणाला. “सकाळी... होती.”

“आहेत. अजूनही आहेत.” ती उठली. “चला. मी येते बरोबर.”

त्याने हातमोजे काढले, एकावर एक नीट टेबलावर ठेवले, आणि हेडमास्तरांना लांबूनच मान हलवून नकार दिला. शेवटचाच गडी तो. डाव संपला, सामना गेला. तेव्हा कुठे तिने हात वर केला, बायचे चार लिहिले आणि वही काकूंच्या ताब्यात दिली.

दादा वाटेत उभा होता. “काय चाललंय काय?”

“डोळा,” डॉक्टर म्हणाला. “माझाच मूर्खपणा, कॅप्टन. तिने गुरुवारीच बजावलं होतं.”

दादाने बहिणीकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर तिला सोसलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच.

“तुला ठाऊक होतं? आणि मी त्याला बॅटिंगला पाठवलं?” तो म्हणाला. “दहा जणांत खेळलो असतो गं मी. एक शब्द तर सांगायचास.”

शहराच्या बससाठी हायवेपर्यंत दोघांना बेकरीच्या गाडीतून त्यानेच सोडलं. पण तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नाही.

ऑपरेशन रविवारी सकाळी झालं. सर्जनबाई म्हणाल्या, कालच आलात म्हणून निदान हात तरी लावता आला. पण वाचेल की नाही ते पट्टी सुटल्यावर. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, तो पडद्याला आतून धरून ठेवणार. त्यासाठी आठवडाभर रात्रंदिवस तोंड खाली करून पडायचं.

बुधवारी ती दुकान बंद ठेवून गेली, तेव्हा तो पलंगावर उपडा होता, चेहरा उशीतल्या भोकात. ती शेजारच्या स्टुलावर बसली.

“कोण?” उशीखालून आवाज आला. “थांबा, बोलू नका. तपकिरी चप्पल... डाव्या पट्ट्याला टाका घातलेला. तुम्ही आहात.”

“चपलेवरून ओळखता?”

“शनिवारी टेबलाखाली दुसरं बघायला होतं काय? वर बघितलं की काकू डोळे वटारायच्या.”

ती हसली आणि मग एकदम रडायलाच लागली, आवाज न करता. त्याला दिसत नव्हतं तेच बरं. पण एक थेंब टाइलवर पडला, बरोबर त्याच्या नजरेसमोर.

तो म्हणाला, “माझे पेशंट तक्रार करत नाहीत. त्यामुळे मला माणसांशी बोलायची सवय कमी. म्हणून जरा वेडंवाकडं बोललो तर... डोळा आला तर आला. नाही आला तर एका डोळ्याने गाई बघता येतात, मी विचारून घेतलंय. पण तू नसलीस तर मला... ते काही जमायचं नाही.”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. खिडकीबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

“ऐकलंस का?” उशीने विचारलं. “मला तुझा चेहरा दिसत नाहीये. फार भीती वाटते अशाने.”

तिने पलंगाखाली हात नेला आणि लोंबणाऱ्या त्याच्या बोटांत आपली बोटं गुंफली.

“ऐकलं,” ती म्हणाली. “मलाही नाही जमायचं. तुझ्यावाचून.”

बोटं आवळली गेली.

“मग कॅप्टनला विचारायला कोण जाणार?” त्याने विचारलं. “मी तर असा उपडा.”

“मी सांगते. आजच.”

“शनिवारपासून तो बोलतोय कुठे तुझ्याशी?”

“ऐकतो तरी. एकदा त्याच्यापासून लपवलं, त्याने केवढं जिव्हारी लावून घेतलंय. आता हे तरी त्याला सगळ्यात आधी कळायला हवं. माझ्या तोंडून.”

“शब्द?”

“शब्द.”

संध्याकाळी बसमधून उतरली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. बेकरीची फळी लागलेली, म्हणजे दादा मैदानावर. हंगाम संपला तरी तो खेळपट्टीवर पाणी मारायला जायचा. तिला ठाऊक होतं, तो एकटाच असणार, आणि हातात पाइप असला की त्याला निघूनही जाता येत नाही. डोळ्याचं काय होणार ते देवालाच ठाऊक, आणि दादा काय म्हणणार तेही.

घराकडे जाणारा रस्ता तिने सोडला. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, मैदानाच्या फाटकाची कडी हळूच काढली, आणि ओल्या गवतातून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे चालायला लागली.