सातवा अंगठा

राजानंद हसनाबादला निघाला तो एक जुनी वही पाहायला. दोन हजार चोवीस साल, तीस डिसेंबर. सोमवार, आणि त्यात अमावास्या.

"तुमच्या गोष्टीत अमावास्या बराबर येतेच, अण्णा," सूरज म्हणाला. अंकुशनगरच्या कॉलनीत लाइट गेली होती. अण्णासाहेबांच्या ओट्यावर तो आणि त्याची बहीण मोनाली एकाच चादरीत बसले होते.

"कॅलेंडर पाह्य. मी काय ठेवली न्हाई तिथं." राजानंद अण्णासाहेबांच्या धाकट्या भावाचा वर्गमित्र, त्यामुळं गोष्ट त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलेली. "आन् एक ध्यानात ठेवा. मधी कुणी हसायचं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

राजानंद जालन्यात एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. एका जुन्या इंग्रजी फार्सचे आपल्या मुलखात कुठंकुठं प्रयोग झाले, यावर त्याचा प्रबंध. सहा वर्षं घासलेली. जालन्याच्या छावणीत गोरे अधिकारी स्वतःच तोंडाला रंग फासून हे नाटक करत, आणि त्याच्या हिशेबानं तिथं सात प्रयोग झाले होते. त्याच्या मार्गदर्शक प्रीती मॅडम म्हणत, सहाच. सातव्याचा पुरावा आणा, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढा. प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस एकतीस.

त्या नाटकाची हाती लिहिलेली वही हसनाबादच्या कडूबाकडे होती. त्याचा खापरपणजा पुंजाराम छावणीत दिवाबत्तीला होता. खेळ सुरू होताना साहेब या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकी. खेळ संपला की पुंजाराम दिवे विझवी आणि काजळीचा अंगठा त्या तारखेपुढं उठवी. पलटण गेली, वही घरात राहिली.

राजानंदनं पान उघडलं. तारखा सात होत्या. अंगठे सहा.

त्यानं फोटो काढून मॅडमना पाठवला. रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. लगेच उत्तर आलं. 'अंगठा नाही म्हणजे प्रयोग नाही. तारीख कुणीही लिहील. प्रकरण काढा.'

"सातवा खेळ पुरा झालाच न्हाई, सर," कडूबा म्हणाला. "मधीच पुंजाराम आज्याच्या धोतराला दिवा लागला. पेटलेलं माणूस इकडून तिकडं पळून राह्यलं, आन् समोरचे हसून राह्यले. त्यांना वाटलं, खेळातलंच हाये. आज्या त्यातच गेला."

राजानंदनं वही जवळ ओढली.

"वही वाचा बिलकुल. पण रातीचं हसू नका. आमच्या घरात ती पाळणूक हाये."

राजानंदच्या मनात पाल चुकचुकली. जुनी वस्तू, गरजू गिऱ्हाईक, आणि वर ही गोष्ट. म्हातारा भाव वाढवतोय, दुसरं काय. शेवटची बस गेली होती, म्हणून तो बाहेरच्या खोलीत बाजेवर आडवा झाला. कडूबाची सून दैवशाला पाण्याचा तांब्या ठेवून गेली. तिनंही जाताना वहीकडं पाहिलं, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

दीड वाजला. झोप येईना. त्यानं वही उघडली.

फार्स असा, की एक कंजूष म्हातारा मेल्याचं सोंग घेऊन चादरीखाली पडतो. दोन पुतणे त्याच्या पेटीच्या चावीवरून भांडतात. म्हातारा शिंकतो. एक म्हणतो, तू शिंकलास. दुसरा म्हणतो, तू. आणि दोघं मिळून मढ्याला साक्ष विचारतात.

राजानंद हसला. अगदी खळखळून.

जळक्या कपड्याचा वास आला.

"कडूबा?"

आतून कडूबाचं घोरणं ऐकू येत होतं. राजानंदनं दार उघडलं. गल्ली रिकामी. कुत्रंही नाही. कुणीतरी चेष्टा करतंय, एवढं नक्की. थांबलो तर उद्या गावभर होईल की सर भ्याले. तो परत बसला आणि उरलेली पानं मोठ्यानं वाचू लागला.

वास वाढला.

तो वाचत राहिला. आवाज त्याचाच होता... पण घसा आपला वाटत नव्हता.

शेवटचं वाक्य.

त्यानं वही मिटली.

मागून कुणीतरी विचारलं. अगदी हळू. अदबीनं.

"झाला का खेळ... सरकार?"

राजानंदनं मान वळवली नाही.

"झा... झाला."

गालावरून फुंकर गेली. आणि छताचा बल्ब विझला.

सकाळी त्यानं शेवटचं पान उघडलं. सातव्या तारखेपुढं अंगठा होता. काळाभोर, ओला.

तो तडक उठला आणि त्यानं कडूबाचे दोन्ही हात धरून उलटेपालटे पाहिले. स्वच्छ. मग स्वतःचे पाहिले. तेही स्वच्छ. अंगठा पुन्हा नीट पाहिला. बाकी सहांना रेघा होत्या. याला एकही नव्हती.

"भाजल्या बोटाला रेघा कुठून राहतील, सर," कडूबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं वहीला हात जोडले.

राजानंदनं फोन काढला, फोटोसाठी धरला... आणि खाली ठेवला. रात्रीचं पान मॅडमकडं होतं, सहा अंगठ्यांचं. आता सातवा पाठवला तर त्या काय म्हणतील, हे त्याला न विचारताच कळलं. रात्रभर त्यानं कडूबावर संशय घेतला होता. आता तोच संशय त्याच्या स्वतःवर येणार होता, आणि तो कुणाचे हात दाखवणार?

प्रकरण त्यानं त्याच दुपारी काढलं. प्रबंधात सहाच प्रयोग आहेत.

पण सकाळी निघताना, वही परत देताना त्याला राहवलं नव्हतं. त्यानं त्या सातव्या अंगठ्याला बोट लावलं होतं.

काजळी बोटाला लागली. कोमट होती.