कवळीवरची गोधडी

औषधाची तिसरी बाटली संपली, तरी आबांच्या तोंडाची आग काही थांबेना. चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी कवळीखालचा टाळू पुन्हा लालेलाल! आणि कस्तुरीच्या मावशीचं लग्न तर तीन आठवड्यांवर आलेलं. २०६८ सालात लग्नातली सनईसुद्धा यंत्रंच वाजवत, पण मावशी हटून बसली होती, "वाजवतील तर माझे बाबाच." कवळीशिवाय आबांना सनई फुंकता येत नव्हती, आणि कवळी घालून फुंकलं की टाळू पेटायचा.

"औषध चांगलं आहे, मग हरतं कसं?" कस्तुरीने भिंग्याला विचारलं. भिंग्या हा तिचा चिंचोक्याएवढा यंत्रमानव. त्याच्या डोळ्यातच सूक्ष्मदर्शक होता.

"कवळी दाखवा," भिंग्या म्हणाला. आबांनी पाठ फिरवून कवळी काढली आणि वाटीत ठेवली. भिंग्या आत उतरला. भिंतीवर चित्र उमटलं.

"हे गोल दाणे म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. थोडीफार पुष्कळांच्या तोंडात असते आणि गुमान राहते. पण ऊब, ओल आणि चिकटायला जागा मिळाली, की ही बया रूप बदलते. गोल पेशी लांबत जाते, तिचे कवकतंतू (बुरशीचे धागे) होतात. धागे एकमेकांत गुंततात, त्यावर चिकट थर बसतो. याला म्हणतात बायोफिल्म (सूक्ष्मजीवांनी चिकट थरात थाटलेली वसाहत)."

"अगदी गोधडी!" कस्तुरी म्हणाली.

"हो. औषधाने वरवरच्या पेशी मरतात, गोधडीतल्या पुष्कळ वाचतात. मग तिच्यातून नव्या गोल पेशी सुटतात."

"पाचव्या दिवशी! पण एवढी गोधडी विणायला तिला वेळ कुठून मिळतो?"

आबा सवयीने सनईची पत्ती, म्हणजे ओठांत धरायची जिभली, फडक्याने टिपत होते. कस्तुरी बघत राहिली.

"आबा, पत्ती रोज का पुसता?"

"ओली ठेवली तर बुरशी धरते गं. सनईवाल्याला एवढंही कळत..." आबांची नजर वाटीतल्या कवळीवर गेली.

"आणि कवळी कधी काढता?"

"काढतच नाही. झोपेतसुद्धा नाही. माझं बोळकं कुणी बघू नये म्हणून."

कस्तुरीला हसू आलं, आणि फार वाईटही वाटलं.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या औषधाबरोबर रोज कवळी घासणं सुरू झालं. रात्री ती पाण्यात राहू लागली. आठ दिवसांनी लाली ओसरली, पंधरा दिवसांनी सनई ओठांना लागली.

"भिंग्या, बुरशीचा धागा होऊच न देणारं औषध नाही का?" कस्तुरीने विचारलं.

"शोधताहेत. अजून हाती लागलेलं नाही."

"मग मी मोठी होईपर्यंत थोडं शोधायचं शिल्लक ठेवा म्हणावं!"

लग्नात आबा तासभर वाजवत होते. वाजवून झाल्यावर त्यांनी पत्ती पुसली. मग भर मांडवात कवळी काढली, वाटीत ठेवली आणि सगळ्यांसमोर बोळकं पसरून हसले.