पाठमोरी शाळा

"चांगो, खाली बघू नको! पाय उचल नि उडी मार आत!" चंद्रभागा ओरडली.

"मारतो गं! पन चड्डी अडकलीया ना खिळ्याला!"

"मग चड्डी तिथंच ठेव!" जना म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली. चर्रकन आवाज झाला आणि चांगो शाळेच्या खिडकीतून थेट आतल्या पाण्यात आदळला. पाण्यात, बरं का! वर्गात घोट्यापर्यंत पाणी होतं!

शाळेला सुट्टी होती, पण अशी सुट्टी कुणालाच नको होती. दहिवलीपलीकडच्या गावातली ही नवीकोरी शाळा. चौसष्ट सालच्या मे महिन्यात वाजतगाजत उद्घाटन झालं आणि आषाढात तिचं तळं झालं! फळे फुगले, पुस्तकांचा लगदा झाला, पोरं घरी बसली. गुन्हेगारही गावानं लगेच ठरवून टाकला. कोंडीराम गवंडी! सिमेंटात नुसती वाळू घातली त्यानं, दुसरं काय?

कोंडीराम म्हणजे चंद्रभागेचे आबा. आठ दिवस ते मान खाली घालून ओट्यावर बसले होते. शनिवारच्या सभेत बांधकामावर देखरेख करणारे सरकारी ओव्हरसियरसाहेब त्यांची कबुली लिहून घेणार होते. एकदा त्या कबुलीवर सही झाली की त्यांना भिंतीला हात कोण लावू देणार? पावसाळ्यानंतर त्यांच्या वस्तीत बुद्धविहार बांधायचा होता, तो आबांच्याच हातून व्हायचा होता. आता वस्तीतली माणसंही दुसऱ्या गवंड्याची चौकशी करत होती. चंद्राला ते फार लागलं होतं. रात्री आबा जेवत नसत, मग तिलाही घास गिळवत नसे.

आणि आज शुक्रवार! हातात एकच दिवस होता, म्हणून तर तिघं खिडकीतून आत शिरली होती.

चंद्रानं खिळा घेऊन दगडांमधलं सिमेंट खरवडलं. खिळा वाकला, सिमेंट जागचं हललं नाही. "बघा! कुठं हाय वाळू?" तिचा आवाज चिरकला. "मग पानी येतंय कुठनं?"

त्याच वेळी वारा सुटला. माथेरानच्या बाजूनं आडव्या पावसाची झड आली आणि त्या बाजूच्या भिंतीतल्या तिन्ही मोठ्या खिडक्यांतून बादल्या ओतल्यासारखं पाणी आत आलं. निम्मी तावदानं वाऱ्यानं केव्हाच फुटली होती. समोर, रस्त्याकडची भिंत मात्र कोरडी ठणठणीत! तिच्यापुढे चांगली रुंद पडवी होती.

ठाकरवाडीची जना डोळे विस्फारून बघतच राहिली. "येडी हाय गं तुमची शाळा! झड येते माथेरानाकडनं नि पडवी हिकडं? आमी झडीच्या अंगाला पडवी काढतो नि खिडकी तिकडं ठेवीतच नाय!"

चंद्रा चमकली. गुरुजींच्या खोलीत शाळेचा नकाशा चौकटीत लावलेला होता. तिनं तो उतरवला, कोरड्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला आणि त्यावरच्या बाणाचं टोक उत्तरेला, नेरळच्या दिशेला केलं. "बान म्हंजे उत्तर दिशा. आता पडवी बघ कुठं येते!"

"पश्चिमेला, माथेरानाकडं!" चांगो किंचाळला. "नि खिडक्या रस्त्याकडं! अगं, आख्खी शाळाच उलटी बांधलीया!"

शनिवारी सभा त्याच पडवीत भरली. का, तर तिथं पाणी लागत नाही! कोंडीरामची जागा तेवढी रिकामी होती. ओव्हरसियरसाहेबांनी घसा खाकरला, तोच चंद्रा नकाशा घेऊन पुढे झाली.

"साहेब, भूगोलात एक अडलंय. ह्यो बान कुठं दाखवतो?"

"उत्तर दिशा!" साहेब खुशीत म्हणाले. "ती बघ, नेरळकडे."

"मग नकाशात ही पडवी कुठल्या अंगाला हाय?"

"सोपं आहे. पश्चि..." साहेबांची जीभ अडखळली. ते बसले होते ती पडवी तर पूर्वेला होती! कोरड्या पडवीत बसूनसुद्धा त्यांना घाम फुटला. गुरुजी उठले, त्यांनी नकाशा पाहिला, मग खिडक्यांकडे पाहिलं. सरपंचांनी कपाळावर हात मारला.

"आपणच म्हणालो होतो ना, पडवी रस्त्याकडं घ्या! पाहुण्यांची जीप थांबणार, फोटो निघणार..." ते पुटपुटले.

"आनि कोंडीरामनं तवाच सांगितलं व्हतं," कामावर पाट्या वाहिलेली भीमाबाई कडाडली. "साहेब म्हनले, तू भिंत रच, अक्कल शिकवू नको!"

मग गुरुजींनी टाळी वाजवली आणि सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. "शाब्बास पोरांनो! आम्हा शहाण्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

चंद्रा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच! "मग साहेब, आबांचा कागद नका ना लिहून घेऊ!"

साहेब पायातल्या बुटांकडे बघत म्हणाले, "सही काल संध्याकाळीच घेतली. कागद सकाळच्या टपालानं गेला."

"दुसरं पत्र धाडू," सरपंच घाईघाईनं म्हणाले. पण वरची कचेरी कुठल्या पत्रावर विश्वास ठेवणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि चंद्रालाही.

संध्याकाळी आबा चिखलानं माखून खोपोलीहून परतले. चंद्रानं एका दमात सारं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"मला ठाऊकच व्हतं गं."

"मग सही का केलीत, आबा?"

"साहेब म्हनाले, सही नाय केलीस तर फौजदाराकडं देतो. नि खरं सांगू? सांगून सांगून दमलो मी. सोमवारपासनं खोपोलीच्या कारखान्यात जातोय, गोन्या उचलायला."

"आनि विहार?"

आबांनी पाय धुतले. मग तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"जो कोन बांधंल, त्याला सांग, पडवी माथेरानाकडं काढ म्हनावं. माजं नाय ऐकायचे ते. तुजं ऐकतील."

चंद्रा कोपऱ्यातली आबांची गवंडीकामाची थापी उचलून पुसू लागली.