पडलेल्या गाडीची चावी

हिंगोलीत जळबाच्या चाव्यांच्या दुकानाला लागूनच पल्लवी खिल्लारेचं ऑफिस होतं. विमा कंपनीतली चौकशीची नोकरी सोडून तिनं स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. हाताशी काम नसलं की ती जळबाच्या स्टुलावर चहा पीत बसे. त्या दुपारी निलम आली तेव्हाही ती तिथंच होती.

"जुन्या मोटरसायकलची चावी बनवून पायजे," निलम म्हणाली. "नमुन्याला दुसरी न्हाई. गाडी तांड्यावर हाय."

"हरवली का?" जळबानं विचारलं.

"मालक त्या गाडीवरच गेले, दादा. पोलिसांनी गाडी आणून दिली, तिच्यात चावी नव्हती."

पल्लवीनं कप खाली ठेवला. "चालती गाडी पडली तर चावी कुलपात राहते."

"जुनं कुलूप झिजतं, ताई," जळबा म्हणाला. "चालता चालता चावी निखळून पडते. माझ्याकडं रोज येतात तसे लोक."

 पल्लवीनं निलमला बसवलं आणि हळूहळू सगळं विचारून घेतलं. निलमनं नवऱ्याकडं, प्रेमदासकडं, कपाटासाठी आरसा मागितला होता. तो आणायला तो एकटाच हिंगोलीला गेला. एका हातात आरसा आणि एका हातानं हँडल, म्हणून पडला, असं सगळे म्हणत होते. सासू, जिवनबाई, तेव्हापासून तिच्याशी बोलली नव्हती. वर्षश्राद्ध झालं की तिनं माहेरी जायचं ठरलं होतं.

"जाते म्हणलं," निलम म्हणाली. "फक्त त्यांची गाडी द्या म्हणलं."

जळबानं कानस आणि कोऱ्या चाव्या पिशवीत भरल्या. पल्लवीनं आपली कार काढली.

वाटेत तिघं कनेरगाव नाक्याजवळ हरीशच्या धाब्यावर थांबले. हरीश प्रेमदासचा दोस्त. कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणून अपघाताच्या जागी तोच आधी पोचला होता.

"गेलेला होता तो," हरीश म्हणाला. "गाडी आडवी पडलेली. पेट्रोलचा वाससुद्धा न्हाई. मला वाटलं, टाकी रिकामी असंल."

"जवळ कोणी होतं?" पल्लवीनं विचारलं.

"कुणीच न्हाई. म्या कुणाला फोन लावावा म्हणून राहिलो, तवर तांड्याची माणसं पोचलीबी."

तांड्यावर सासऱ्यानं, थावरानं, गाडीवरची ताडपत्री ओढली. जळबानं कुलपात बॅटरी मारली. "बंदवर हाय," तो आपल्याशीच पुटपुटला आणि कामाला लागला.

चावी बसली, फिरली. जळबानं किक मारली. गाडी काही सुरू होईना. थावरा वाकला आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक त्यानं फिरवला. पुढच्या किकला गाडी सुरू झाली.

"बंद होता. हिचं पेट्रोल गळतं, उतरल्यावर कॉक बंद करावा लागतो. घरातल्यांनाच ठाव."

"शेवटी कोणी बंद केला?" पल्लवीनं विचारलं.

"पोलिसांनी टेम्पोतून आणली, तशीच उभी हाय. कुणी हात लावला न्हाई." थावरा टाकीवरून हात फिरवत राहिला. "शेवटची अंघोळ म्या घातली लेकराला. दोन्ही तळहातांत काचा रुतल्या होत्या. एकेक काढली."

उंबऱ्यावर बसलेल्या जिवनबाईनं निलमकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात प्रेमदासचा धाकटा भाऊ देविदास रानातून आला. गाडीचा आवाज ऐकून तो अंगणाच्या कडेलाच थबकला.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता, देविदासभाऊ?" पल्लवीनं विचारलं.

"पुसेगावच्या बाजारात. वाटेत कुणीतरी सांगितलं. पळत येऊन बापाला सांगितलं." मग तो जळबावर चिडला. "चावी काहून बनवून राहिले? भंगारात घाला ती."

पल्लवीनं गाडी बंद करायला सांगितली. 

"जळबामामा, चावी निखळून पडली असती तर कुलूप कुठं राहिलं असतं?"

जळबानं कुलपाकडं पाहिलं. "चालूवर," तो म्हणाला.

"ते बंदवर होतं. म्हणजे कोणीतरी हातानं गाडी बंद केली आणि सवयीनं चावी खिशात टाकली. पडलेल्या गाडीला पेट्रोलचा वास नव्हता, कारण हरीश येण्याआधीच कॉक बंद झाला होता. कॉकचं घरातल्यांनाच माहीत." ती थांबली. "आणि दोन्ही तळहातांत काचा होत्या. प्रेमदासनं आरसा दोन्ही हातांनी धरला होता. हँडल त्याच्या हातात नव्हतंच. तो मागं बसला होता."

तिनं देविदासकडं पाहिलं.

"हरीशनं अजून कुणाला फोनही केला नव्हता, आणि तांडा तिथं पोचला होता. तांड्याला बातमी देविदासनं दिली. मग देविदासला कोणी दिली?"

आता बस झालं, असं जळबाला वाटलं. पण तोवर देविदास मटकन खाली बसला होता.

"रानातला रोही गाडीला आडवा आला," तो म्हणाला. "म्या हिंगोलीत भेटलो भावाला. तो म्हणला, तू चालव, मला आरसा धरू दे. पडल्यावर म्या गाडी बंद केली, कॉक लावला. काहून लावला, ठाव न्हाई. मंग तांड्याकडं पळालो, जीप आणायला. माणसं घेऊन गेलो तर लोक म्हणून राहिले, एका हातानं चालवत होता. याडी, माय माझी, गळ्यात पडली, तू तरी राहिलास म्हणली. मंग तोंडच उघडलं न्हाई माझं. चावी रानातल्या हिरीत टाकली."

निलम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काही बोलले का ते?"

"आरसा फुटला का, विचारलं."

"तुमी काय सांगितलं?"

"न्हाई फुटला म्हणलो."

निलमनं मान हलवली, बरं केलंत म्हणावं तशी.

जिवनबाई भिंतीला धरून उठली. सुनेजवळ आली, पण हात लावायचं धाडस तिला होईना. "राहा, बाई. तुजंच घर हाय."

"तुमी सगळे जा म्हणून राहिले होते, तवर मला हितंच राहायचं होतं," निलम म्हणाली. "आता मला जाता येईल, याडी."

ती आत गेली आणि कापडाची पिशवी घेऊन बाहेर आली. थावरानं देविदासला दंडाला धरून उठवलं. "ठाण्यात जाऊन सांगू. म्या हाय संगं," तो म्हणाला. गाडी न्यायचं निलमनं नाव काढलं नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही.

कार डांबरी रस्त्याला लागली तेव्हा मागच्या सीटवर निलम मोठ्यानं रडू लागली. जळबा मागं वळला नाही. पल्लवीनं वेग कमी केला, आणि हिंगोली येईपर्यंत तो वाढवला नाही.