अकरा मीटर

सात नंबरच्या खोलीचं दार आतून उघडेना. निर्मालीने दोनदा ओढून पाहिलं, तिसऱ्यांदा दणका दिला, तेव्हा बाहेरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाइदेउ, जरा मागे सरा. त्याला माझीच सवय आहे."

दार उघडलं. समोर हातात रंधा घेतलेला तरुण, केसांत लाकडाचा भुसा. मृदुपवन चांगमाई, लुइत नदीच्या काठावरच्या या लॉजचा मालक. वडील गेल्यापासून नोकरही तोच.

ओली गादी, गढूळ पाण्याचा नळ, भिंतीला बोटभर चीर... निर्मालीने सगळ्या तक्रारी एका दमात ऐकवल्या. त्याने त्या मान खाली घालून ऐकल्या आणि आंबट माशाचा रस्सा तरी बरा होता ना, असं विचारलं. बरा होता.

"आणि मी तुमची बाइदेउ, मोठी ताई नाही. तुमच्याहून लहानच असेन."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

ती बंधारे खात्याची इंजिनिअर. सरकारी विश्रामगृहात पाणी शिरलं म्हणून इथे आली होती. नदीने काठ किती खाल्ला ते मोजायचं आणि कोणती घरं रिकामी करायची ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. हे कळलं तेव्हा पवनने चहाचा पेला टेबलावर ठेवला, आणि सुरुवात आमच्यापासूनच करा म्हणाला.

तिचा मदतनीस तापाने पडला होता. टेपचं दुसरं टोक धरायला पवनच आला. पाऊस तिरपा येत होता. तो स्वतः भिजत छत्री तिच्या वहीवर धरायचा. मला तुमच्यापेक्षा तुमच्या आकड्यांची काळजी जास्त, असं तो चिडवायचा, आणि ती हसू दाबून पुढचा आकडा लिहायची. भिंतीपासून कड्यापर्यंत पहिल्या दिवशी एकोणीस मीटर. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी अकरा. टेप थोडा सैल सोडला तर अकराचे तेरा होतील आणि लॉज यादीतून सुटेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने तो ताठ धरला. निर्माली त्या मुठीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

खोलीत येऊन तिने दाराला ओळंबा लावला. दार फुगलेलं नव्हतं. चौकटच नदीकडे कलली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं. चौकट कलते तसं दार तासतो. आईला सांगतो, पावसाने फुगलंय."

दुपारी ती अहवाल लिहीत असताना तो आला. हातात पितळी तबक, त्यात पानावर ओली सुपारी, बाजूला लाल काठाचा, घडी न मोडलेला हातमागाचा पंचा, गामोसा. निर्मालीचा चेहरा आक्रसला. माफी मागायची, आमंत्रण द्यायचं, काम करवून घ्यायचं... तबक सगळ्यालाच हेच, आणि त्यातलं पान खाल्लं की होकार. दर पावसाळ्यात अशी कितीतरी तबकं तिने दारातूनच परत पाठवली होती.

"पवन, हे आत न्या. आकडा बदलणार नाही. शुक्रवारपर्यंत रिकामं करायची मुदतही नाही."

"आकड्यासाठी नाही आणलं." तो थांबला. "शुक्रवारनंतर मी बिनघराचा माणूस. तेव्हा लग्नाचं विचारलं तर तुम्ही कीव म्हणून हो म्हणाल. आज अजून भिंती आहेत... म्हणून आज विचारतोय."

बाहेर काठाचा एक तुकडा पाण्यात बसला. आवाज दोघांनी ऐकला.

"आईंना माहीत आहे?"

"हो. वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही म्हणाली. गामोसा मात्र तिनेच काढून दिला, तिच्या मागावरचा."

निर्मालीने कागद पुढे ओढला. इमारत राहण्यास असुरक्षित, शुक्रवारपर्यंत रिकामी करावी. खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"आधी मिळाल्याची सही करा."

त्याने केली.

मग तिने तबकातली पान-सुपारी उचलली आणि तोंडात टाकली. ओल्या सुपारीने कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुपारीचंच आहे असं दोघंही धरून चालले.

आतल्या खोलीत आईचा माग उतरवायचा होता. त्याला चार हात लागणार होते. निर्मालीने बाह्या दुमडल्या.