काढून ठेव, काढून टाक

माउसला हात लावायचा नाही, असं मी सकाळीच ठरवलं. सहाशे बारा फाइली एकेक टिचकी मारत तपासायच्या म्हणजे बोटांचा भुगा. म्हणून काळ्या पडद्यावर नुसत्या कळांनी चालणारा फाइल मॅनेजर घेतला आणि माझ्या हाताला बसेल अशी त्याची सेटिंग्ज लिहू लागले. डावीकडे बाहेरचा फोल्डर, मधे फाइलींची यादी, उजवीकडे फाइलीत काय आहे ते. फाइली आवाजाच्या होत्या, तेव्हा त्यातलं वाक्य उजवीकडे अक्षरांत उमटेल अशीही सोय केली.

आवाज बाबांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर ते बोलू शकणार नव्हते. दवाखान्यातल्या वाचा-उपचारांच्या बाईंनी त्यांच्याकडून सहाशे बारा वाक्यं वाचून घ्यायला सांगितली होती. पुढे बाबा जे टाइप करतील ते एक यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. खोकल्याने बिघडलेल्या फाइली वगळून उरलेल्या आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पाठवायच्या होत्या. मला बाबांचा आवाज हवा होता. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

बाबा जन्मभर मुद्रितशोधक. माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते पडद्यावरसुद्धा चुका शोधत होते.

"व म्हणजे वर, ख म्हणजे खाली," मी दाखवलं. "ठ म्हणजे काढून ठेव. ट म्हणजे काढून टाक."

"ट आणि ठ तर एकाच कळेवर."

"शिफ्ट धरली की ठ, बाबा. मला जमतं."

"असल्या चुका काढता काढता माझे डोळे गेले. त्या बाईंच्या कागदावरही सतरा होत्या. सुधारून वाचलंय मी."

ते हसले, खोकले आणि शेजारच्या खोलीत आडवे व्हायला गेले. तिथे आई त्यांची बॅग भरत होती. मी सेटिंग्जची शेवटची ओळ लिहिली: पुसताना 'नक्की ना?' असं विचारायचं नाही. मला कोणी दोनदा विचारलेलं खपत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी मी सहाशे बाराव्या फाइलीवर पोहोचले. हाताच्या सवयीने आणखी एकदा ख दाबलं आणि निवडलेली ओळ दाखवणारी पट्टी खाली सरकली.

सहाशे तेरा. उजवीकडे वाक्य उमटलं: हा टॉवेल नको, जुना दे.

कागदावर असलं वाक्य नव्हतं. फाइलीची वेळ होती आजची, चार चोवीस. संगणकाचं घड्याळ पुढे असेल म्हणून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्हीकडे चार वीस. मायक्रोफोन तर परवाच खोक्यात गेला होता.

हेडफोन लावून ऐकलं. आधी बॅगेची चेन अडकल्याचा आवाज, मग एक उसासा, मग बाबा.

बाबांनी सरावाला काहीबाही बोलून ठेवलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि हेडफोन उतरवले. चार चोवीसला भिंतीपलीकडे चेन अडकली. कुणीतरी उसासा टाकला.

"हा टॉवेल नको, जुना दे," बाबा म्हणाले.

सहाशे चौदा, चार एकोणतीस: चष्म्याची डबी वरच्या कप्प्यात आहे. त्या वेळी मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. बाबांनी वाक्य जसंच्या तसं म्हटलं, 'वरच्या'वर तोच जोर देऊन.

"काय गं, अशी भुतासारखी काय उभी?" आईने विचारलं.

"काही नाही."

परत येऊन मी ख दाबत यादीच्या तळापर्यंत गेले. सहाशे एकवीस, वेळ चार एक्कावन्न. त्यात एकच शब्द होता: अगं. त्यानंतर काही नाही.

चार एक्कावन्नपासून उद्या सकाळी आठपर्यंत बाबा एक अक्षरही बोलणार नव्हते. झोपेतसुद्धा बडबडणारा माणूस.

मला भीती वाटली. तरी डोकं चालत होतं: आधी उरलेली वाक्यं सुरक्षित जागी काढून ठेवायची, मग डॉक्टरांना फोन.

चार चाळीस झाले होते. सहाशे सतरापासून एकवीसपर्यंतच्या पाच ओळींवर खूण केली. हाताला घाम सुटला होता. शिफ्ट धरली आणि ठ दाबलं.

करंगळी शिफ्टवरून घसरली.

पाचही ओळी गेल्या. 'नक्की ना?' असं कुणी विचारलं नाही.

"सकाळी मला जरा लवकर—" शेजारच्या खोलीत बाबा बोलत होते ते मधेच तुटलं.

मी धावले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती. आवाज नव्हता. खोकलासुद्धा आवाजाविना येत होता.

"अहो, मोठ्याने बोला ना," आई त्यांचा खांदा हलवत म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

पुसलेलं परत आणता येतं का, ते बघायला मी पडद्याकडे पळाले. आलं नाही. सहाशे सोळाच्या खाली मात्र एक नवी ओळ होती. मी पट्टी तिच्यावर नेली.

आई, मी काही केलेलं नाही.

वेळ चार पंचेचाळीस. हेडफोन कानाला लावला. आवाज माझा होता.

घड्याळात चार चव्वेचाळीस वाजले होते. मागे दारात आईची पावलं थांबली.

"काय केलंस गं तू?"

मी ओठ दातांखाली घट्ट धरले. त्या ओळीच्या खाली दुसरी ओळ नव्हती.